बिनखिळ्याचं कुंपण

मांजराच्या वाळूच्या ट्रेमध्ये कुत्र्याला काय सापडतं, ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांच्या घरी दोन्ही आहेत त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांच्या घरी नाहीत त्यांनी सुखानं जेवावं. एवढंच सांगते की आमच्या कुत्र्याचं नाव साहेब आणि मांजराचं नाव मावशी, आणि साहेब तो खाऊ खाऊन आले की थेट माझ्या मांडीवर हनुवटी टेकवायचे. वर प्रेमानं तोंड चाटायला बघायचे.

मावशी माझ्या सासूबाईंची. सासूबाई पोस्टातून निवृत्त झाल्या त्याच सुमाराला ती जिन्यात सापडली, आणि तेव्हापासून दोघी एकमेकींच्या सोबतीनं म्हाताऱ्या होतायत. दोघींचे गुडघे गेलेत. दोघींना दुपारी कुणी उठवलेलं खपत नाही. साहेब माझ्या दादाचे, म्हणजे खरं तर वहिनीचे. तिनंच ते नाव ठेवलं होतं, कारण पिल्लू असल्यापासून हा प्राणी घरातली सगळ्यात चांगली खुर्ची बळकावून बसायचा आणि बाकीचे उभे. वहिनी गेली आणि साहेब दादाच्या वाट्याला आले.

वहिनी गेल्यावर दादा काही रडला-बिडला नाही. कामावर जात होता, येत होता, फोन केला की ‘बरं आहे’ म्हणत होता. एकदा मी न कळवता त्याच्याकडे जाऊन धडकले तर गॅसच्या शेगडीवर धूळ बसलेली. खुर्चीवरच्या किंवा कपाटावरच्या धुळीला मी काही म्हणत नाही, पण शेगडीवरच्या धुळीचा अर्थ मला कळतो. विचारलं तर म्हणाला, आम्ही दोघं पाव खातो. दोघं म्हणजे तो आणि साहेब. त्याच्या कमरेच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं होतं, तेही खिळ्यानं, वेडंवाकडं. मला लहानपणापासून घरात ठिणगी म्हणतात ते उगाच नाही. मी तिथल्या तिथे इतकी भडकले की शेजारच्या बाई बघायला आल्या. संध्याकाळच्या आत घराला कुलूप लावलं आणि दोघांना माझ्या घरी घेऊन आले. आमच्या ह्यांना फोनवर नुसतं कळवलं. ते कारखान्यात पाळीवर होते आणि मशिनच्या आवाजात त्यांना काय ऐकू गेलं कोण जाणे, पण ‘बरं केलंस’ म्हणाले.

दादा प्रदर्शनाचे स्टॉल उभारतो. मोठ्या हॉलमध्ये रांगेनं दुकानं मांडलेली असतात, ती. आहे सुतारच, पण त्याच्या कामाचा पहिला नियम असा की हॉलच्या भिंतीला किंवा जमिनीला खिळा लागता कामा नये. सगळं खाचेत खाच, पाचर नाहीतर आवळून धरणारा शिकंजा. प्रदर्शन संपलं की सगळं सुटं करून ट्रकमध्ये घालायचं आणि हॉल जसा घेतला तसा परत द्यायचा. याचा त्याला भारी अभिमान. आमच्याकडे आला तेव्हा बॅग खाली ठेवायच्या आधी त्यानं आमच्या दारांवरून हात फिरवला. सासऱ्यांनी हौसेनं करून घेतलेली दारं आहेत, भरीव लाकडाची. ‘असं लाकूड आता मिळत नाही आई,’ असं तो सासूबाईंना म्हणाला आणि सासूबाई खूश झाल्या. बॅग मात्र त्यानं शेवटपर्यंत दिवाणाखालीच ठेवली. मी कपाटाचे दोन कप्पे रिकामे करून दिले होते. ते रिकामेच राहिले.

असो. ट्रेकडे वळते.

मावशीचा ट्रे बोळाच्या टोकाला, अडगळीच्या खोलीत. तिला जाता यावं म्हणून दार कायम उघडं. साहेबांना याचा शोध लागायला फार वेळ लागला नाही. मावशी ट्रेमध्ये बसली की हे दाराशी उभे, हॉटेलात टेबल रिकामं व्हायची वाट बघतात तसे. बिचारी अर्धं आटोपून पळायची. मग साहेब आत. दादाला हे कळलं तेव्हा त्याचा चेहरा असा झाला की जणू चोरी त्यानंच केली होती. त्याला वाटलं, आपण नीट खायला घालत नाही म्हणून हा घाणीत तोंड घालतो. वहिनी असती तर असं झालं नसतं. त्यानं साहेबांचं जेवण वाढवलं, आणि साहेब गोल होत गेले आणि ट्रेवरचं प्रेम तसंच राहिलं. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते हसले. म्हणाले, पोट भरलेलं असो की रिकामं, कुत्र्यांना ते आवडतंच, त्यात कुणाचा दोष नाही, फक्त वाट अडवा.

वाट अडवायची म्हटल्यावर दादाच्या अंगात आलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. कित्येक महिन्यांनी तो कानाला पेन्सिल लावून बसलेला दिसला.

पहिलं कुंपण केलं ते दारात उभं करायची फळी, खाली मांजरापुरती फट ठेवलेली. सुंदर काम. कडा पॉलिश केलेल्या, दोन्ही बाजूंनी पाचरी मारून चौकटीत घट्ट बसवलेली. साहेबांनी ती खांद्यानं ढकलली आणि ती आडवी झाली. मग त्यानं ट्रेसाठी झाकणाची पेटी केली, वरून आत शिरायची. मावशीच्या गुडघ्यांना ती चढेना. तिनं पेटीकडे बघितलं, दादाकडे बघितलं आणि निघून गेली. मग पेटीला बाजूनं तोंड केलं. त्या दिवशी एक बाई ब्लाऊजच्या मापाला आल्या होत्या. मी बाहेरच्या खोलीत शिवणकाम करते, कपडे घट्ट-सैल करून देते. टाचण्या तोंडात धरून मी बाहीचा मुंढा बघत होते, तोच साहेब ती पेटी डोक्यात अडकवून बोळातून आले आणि आरशाला धडकले. वाळू सगळ्या खोलीभर. त्या बाई इतक्या हसल्या की टाचण्या निघून पडल्या. मीही हसले. दादा हसला नाही. तो गुडघ्यांवर बसून वाळू भरत राहिला आणि सारखं ‘सॉरी हं’ म्हणत राहिला, मला, त्या बाईंना, आणि शेवटी आरशाला.

यापुढचं मात्र हसण्यासारखं नाही. मावशीनं ट्रे सोडला. आधी तिनं एका वकीलबाईंच्या काळ्या कोटावर कार्यक्रम उरकला. बाह्या आखूड करायला आला होता. तो मी तीनदा धुतला आणि वकीलबाईंना खरं ते सांगितलं. त्यांच्याही घरी मांजर निघालं म्हणून निभावलं. त्यानंतर तिनं कोटही सोडला. कुठेच जाईना. कोपऱ्यात बसायची, अंग आखडून, आणि काही न करता उठायची. सासूबाईंनी तिला टोपलीत घातलं आणि आम्ही डॉक्टरांकडे गेलो. या वेळी ते हसले नाहीत. तिनं लघवी धरून ठेवलीय, म्हणाले. औषधानं आज मोकळी होईल, पण या वयात असं वारंवार झालं तर मूत्रपिंडं जातील. तिला निर्धास्त बसता येईल अशी जागा द्या, नाहीतर दोघांपैकी एकाला दुसरीकडे ठेवा.

परतताना सासूबाई टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि झाकणाच्या फटीतून एक बोट आत घालून ठेवलं होतं. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला भांडता आलं असतं. घरी आल्यावर दादानं विचारलं तेव्हा त्यांनीच त्याला डॉक्टर काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांना काही लपवता येत नाही, पोस्टातल्या माणसाची सवय, आलं ते पोचतं करायचं. दादा फक्त ‘हो, बरोबर आहे’ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो दुपारीच कामावरून आला. मी मशिनवर होते. त्यानं दिवाणाखालून बॅग ओढली आणि दोरीवरचे कपडे काढून आत घालायला लागला. मी पाय थांबवला. कंपनीच्या गोदामावर एक खोली रिकामी आहे, असं त्यानं बॅगेकडे बघत सांगितलं. साहेबांना आवार आहे, मोकळं फिरतील. कामाच्या जवळ. सगळ्यांच्याच सोयीचं.

“तिथे शेगडी आहे?” मी विचारलं.

“करू काहीतरी.”

त्याचं ‘काहीतरी’ मी बघून आले होते. एकटा राहिला की हा माणूस जेवत नाही, ही काही माझी काळजीनं केलेली कल्पना नव्हती. त्याचा पट्टा मी पाहिला होता. आणि मला हेही कळत होतं की मी त्याला थांबवायला लागले तर सासूबाईंचं मांजर पणाला लावूनच थांबवणार. कुत्र्याला घेऊन जा असं दादाला म्हणणं जसं शक्य नव्हतं, तसं कुत्रं दे आणि तू राहा म्हणणंही शक्य नव्हतं. वहिनीची एवढी एकच गोष्ट त्याच्यापाशी श्वास घेत होती. मी काय बोलावं ते न सुचून ओरडायला लागले. कपडे नीट घड्या करून घाल, असं काहीतरी. ओरडायला लागलं की मला विषय लागत नाही.

सासूबाई काठी टेकत त्यांच्या खोलीतून बाहेर आल्या. दुपारची झोप मोडलेली, म्हणजे काही खरं नव्हतं. त्या दिवाणावर बसल्या, बॅगेच्या शेजारी, आणि त्यांनी दादाला विचारलं, “एक सांगा. तुमच्या या फळ्यांना आणि पेट्यांना एकही खिळा का नाही?”

एवढी कुंपणं बघितली, पडलेली उचलली, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

“आमच्या कामात मारत नाहीत आई,” दादा म्हणाला. “जागा घेतली तशी परत द्यायची असते.”

“आमच्याकडे काय प्रदर्शन आहे?”

दादा हळूच म्हणाला की दाराला भोक पाडलं असतं तर पहिल्याच दिवशी काम झालं असतं, हे त्याला ठाऊक होतं. मावशी जाईल आणि साहेब अडकतील एवढं भोक, बाकी दार बंद. सुतारकाम शिकायला आलेलं पोरही हेच सांगेल. पण असलं दार एकदा कापलं की कापलं. मी उद्या गेल्यावर भोक तुमच्याकडे राहणार, म्हणाला.

“म्हणजे जायचं धरूनच चालला होतास,” मी म्हणाले.

“ठिणगे, बहिणीच्या घरी किती दिवस राहतो माणूस?”

त्यानं हे इतकं साधेपणानं विचारलं की मला राग आणता येईना. एवढे महिने तो आमच्याकडे पाचरी मारून उभा होता. कपाटाचे कप्पे, दिवाणाखालची बॅग, कप विसळून पुसून पुन्हा फडताळात ठेवणं, मी या सगळ्याला त्याचा टापटीपपणा समजत होते. मला फार वाईट वाटलं. मी माझ्या भावाला घरात आणलं होतं आणि तो अजून दाराशीच उभा होता.

सासूबाईंनी हात पुढे केला आणि माझा खडू मागितला. कापडावर खुणा करायचा चपटा खडू. तो घेऊन त्या बोळात गेल्या, अडगळीचं दार लोटलं, आणि त्याच्यावर खाली वाकता येईल तेवढं वाकून एक गोल काढला. म्हातारपणी हात कापतो. गोल अंडाकृती झाला आणि फार वर झाला.

“मला मांजर हवंय. हिला भाऊ हवाय. दार कुणाला हवंय?” त्या म्हणाल्या. “ज्यांनी करून घेतलं ते गेले. ते असते तर त्यांनी तुमच्या हातात करवत दिली असती. कापा.”

दादा हलला नाही. तो त्या खडूच्या गोलाकडे बघत उभा राहिला. तेव्हा मी त्याच्या हत्यारांच्या पेटीतून हाताला लागली ती करवत काढली आणि दारावर चालवायला गेले. भरीव दाराच्या मध्यात करवत सुरू करता येत नाही, हे मला काय माहीत. ती घसरली आणि सासऱ्यांच्या दारावर एक लांबलचक ओरखडा उठला. दादाच्या तोंडून असा आवाज आला की जणू ओरखडा त्याच्या पाठीवर उठला होता. त्यानं माझ्या हातातून करवत हिसकावून घेतली.

“गाढव आहेस का? आधी ड्रिलनं भोक पाडायचं, मग पातं आत घालायचं. आणि इतकं वर कुठे? तिच्या गुडघ्यांचा विचार करा जरा.”

हे आम्हा दोघींना होतं. सासूबाईंना त्याच्याकडून ऐकून घ्यायची सवय नव्हती, पण त्या जाऊन मावशीला उचलून घेऊन आल्या. तिची मापं मी घेतली, माझ्या टेपनं, खांद्यातून आणि पोटातून. मी आकडा सांगितला. दादानं खुणा केल्या आणि मग त्याला शंका आली.

“हे अंगाचं माप की शिवायचं?”

मी सवयीनं दोन बोटं सैल धरूनच सांगितलं होतं. आयुष्यभर मी कुणाला अंगासरसं माप सांगितलेलं नाही, माणूस श्वास कसा घेणार? त्यावर दादा म्हणाला की दोन बोटांत साहेबांचं डोकं जाईल, आणि डोकं गेलं की साहेब जातील. मी म्हटलं, जेवून आल्यावर मावशीचं पोट सुटतं, ते कुठे जाईल? आम्ही दोघं बोळात मांडी घालून एका बोटावर तडजोड करत बसलो. साहेबांचंही माप घेतलं. त्यांना वाटलं, लाड चाललेत.

मग दादानं दार कापलं. ड्रिलनं आधी भोक, मग पातं, अगदी सावकाश, एका हातानं दार थोपटल्यासारखं धरून. भुसा बोळभर पडला. लाकडाचा वास इतका ताजा आला की दार कालच केलंय असं वाटावं. कापलेला तुकडा सुटून खाली पडला तेव्हा दादा तिथेच भिंतीला टेकून बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वहिनी गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडत होता. सासूबाई त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, काठी दिवाणापाशीच राहिल्यानं थोड्या त्याच्यावरच भार टाकून. मी भुसा झाडायला घेतला, कारण कुणीतरी झाडायला हवाच होता.

मावशीनं त्या दिवशी आमची पुरती परीक्षा बघितली. भोकाच्या कडांचा वास घेतला, परत आली, पाणी प्यायली, उन्हात बसली. आम्ही तिघं तिच्याकडे बघत नाही असं दाखवत बसलो होतो. शेवटी अंधार पडायच्या सुमाराला ती उठली आणि भोकातून आत गेली. साहेब लगबगीनं मागोमाग गेले. नाक गेलं, डोळ्यांपर्यंत तोंड गेलं, आणि तिथे गाडी थांबली. आतून बराच वेळ वाळू उकरल्याचा निवांत आवाज येत राहिला. सासूबाईंनी डोळे मिटून तो ऐकला.

बॅग दिवाणावर तशीच अर्धवट भरलेली होती. मी तिला हात लावला नाही आणि दादाला काही विचारलंही नाही. विचारायची भीती वाटत होती. रात्री आमचे हे पाळीवरून आले, दाराकडे बघून ‘बरं झालं’ म्हणाले आणि जेवायला बसले. दादाही त्यांच्या शेजारी जेवला. बॅगेचं काय ते तरीही कळलं नाही.

सकाळी मी मशिनवर बसायला आले तर बाहेरच्या खोलीत ड्रिल चालू होतं. प्रवेशाच्या दाराशेजारची भिंत, जिथे मी गिऱ्हाइकांसाठी मोठा आरसा लावायचं कधीपासून मनात धरून होते, तिच्या बरोब्बर मधोमध दादा भोकं पाडत होता. विचारणं नाही, सांगणं नाही. गिलावा पडून माझ्या कापलेल्या कापडांवर पांढरी भुकटी बसलेली. माझं डोकं फिरलं. तो घरी आल्यापासून मी त्याच्याशी जपून बोलत आले होते, तोलून मापून. ते सगळं एका क्षणात संपलं. ही काय जागा आहे का, तुला डोळे दिलेत की नाही, आरसा आता काय छताला लावू, असं मी तोंडाला येईल ते बोलत सुटले.

दादानं मागे वळून बघितलंही नाही. एका हातात त्यानं साहेबांचा फिरायला न्यायचा पट्टा धरला होता.

“बोंबलू नकोस ठिणगे,” तो म्हणाला. “इथे राहायचं तर हा कुठेतरी टांगायला नको?”

मी आणखी जोरात भांडायला लागले. भांडता भांडता मला रडू फुटलेलं त्याला ऐकू येत होतं, पण त्यानं ड्रिल चालूच ठेवलं.